व्हिडिओतले खड्डे गेले कुठे?

आळेफाट्यावरून कल्याणच्या दिशेने निघालेल्या एखाद्या बाइकवाल्याचा पावसाळ्यातला व्हिडिओ यूट्यूबवर लावा. ओतूर मागे पडतं, पिंपळगाव जोग्याचं पाणी दिसतं, मढ येतं, ढग खाली उतरतात आणि गाडी माळशेज घाटात शिरते. चित्र इतकं संथ, की कॅमेरा हवेत तरंगत चाललाय असं वाटावं. आता याच रस्त्याने ऐन जुलैमध्ये गाडी चालवलेल्या कोणालाही विचारा. तो आधी कंबरेवर हात ठेवेल आणि मग बोलेल.

मग ते खड्डे गेले कुठे? रस्ता तोच, गाडी तीच, दिवसही तोच. गाडीवर दणके बसत होते आणि व्हिडिओत त्यातला एकही नाही. ते वाटेत गिळले तळहातात मावणाऱ्या, दीडशे-एक ग्रॅम वजनाच्या एका डबीने. कसे गिळले हे कळलं की कानाला हात लावायची वेळ येते, आणि तीही अगदी शब्दशः.

आधी त्या डबीवर, म्हणजे कॅमेऱ्यावर, काय काय बेततं ते बघू. साडेतीनशे सीसीची, एका सिलिंडरची बुलेट घ्या. मंचर असो, घोडेगाव असो की नारायणगाव, अशी गाडी दिसायला फार वेळ थांबावं लागत नाही. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला झाले ५०. म्हणजे आतला पिस्टन दर सेकंदाला ५० वेळा वर-खाली आणि पेट्रोलचा भडका २५ वेळा! हे सगळं हँडलपर्यंत पोचतं. हाताला मुंग्या येतात त्या उगाच नाही. त्यावर खड्डे, स्पीडब्रेकर, समोरून गेलेल्या ट्रकच्या वाऱ्याचा फटकारा आणि वळणावळणाला गाडीचं कलणं.

पण एक गंमत लक्षात येते का? हे सगळं चालू असताना तुम्हाला स्वतःला समोरचा डोंगर हललेला दिसत नाही. अंग गदगदतं, डोंगर जागेवर असतो. हे कसं काय?

एक प्रयोग करा, आत्ता, इथेच. हा मजकूर समोर धरा आणि वाचता वाचता मान ‘नाही, नाही’ अशी भराभर हलवा. अक्षरं वाचता येतात. आता मान स्थिर ठेवा आणि तेवढ्याच वेगाने हातातला कागद किंवा फोन हलवा. गेली ना सगळी अक्षरं फिसकटून? डोळे तेच, अक्षरं तीच, हलण्याचा वेगही तोच. फरक पडला तो कानामुळे!

आपल्या प्रत्येक कानाच्या आत, हाडात दडलेल्या, तीन बारीक अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत. त्यांत द्रव भरलेला असतो. डोकं वळलं की नळी वळते, पण द्रव क्षणभर मागे राहतो आणि तिथल्या संवेदनशील पेशींचे सूक्ष्म केस वाकवतो. लगेच निरोप सुटतो: डोकं उजवीकडे गेलं, डोळे तेवढेच डावीकडे फिरवा. निरोप जाऊन डोळे फिरायला सेकंदाचा साधारण शंभरावा भाग पुरतो. तुम्ही विचार करायला लागण्याआधीच काम झालेलं असतं. कागद हलवला तेव्हा मात्र कानाला काहीच कळलं नाही, म्हणून डोळे उघडे पडले. आणि नळ्या तीनच का? कारण वळायचे प्रकारच तीन आहेत. मान ‘हो’ म्हणते, ‘नाही’ म्हणते किंवा खांद्याकडे कलते. या तिन्हींचा हिशेब तीन नळ्या मिळून ठेवतात.

गावठी कोंबडी हातात घेऊन हलवलेल्या पोरांना याचीच दुसरी तऱ्हा ठाऊक असते. अंग वर-खाली करा, डावीकडे-उजवीकडे करा, मुंडी जागची हलत नाही. कोंबडीला डोळे आपल्याइतके फिरवता येत नाहीत, म्हणून ती अख्खं डोकंच हवेत एका जागी रोखून धरते.

बाइकवरही कॅमेरा लावायची सगळ्यात स्थिर जागा म्हणजे तुमचं डोकं. दणका टायरने थोडा खाल्ला, शॉकअॅब्सॉर्बरने थोडा, सीटने थोडा. उरलेला कंबर, पाठीचा कणा आणि मान मिळून जिरवतात. हेल्मेटपर्यंत पोचतो तो त्या दणक्याचा उरलासुरला अंश. हँडलला लावलेल्या कॅमेऱ्याला यातलं निम्मंही संरक्षण नाही. शिवाय वळण जवळ आलं की चालवणारा गाडीच्या आधी स्वतःची नजर वळवतो. हेल्मेटवरचा कॅमेराही त्याच्याबरोबर वळणाच्या पोटात डोकावतो, म्हणून पाहणाऱ्याला आपणच गाडीवर बसल्यासारखं वाटतं.

डोक्यावर कॅमेरा बांधायची कल्पना जुनी आहे. १९६६ मध्ये फॉर्म्युला वनचा शर्यतपटू जॅकी स्टुअर्ट याने हेल्मेटला निकॉन कॅमेरा बांधला, ते छायाचित्र प्रसिद्ध आहे. १९८७ मध्ये अमेरिकेत मार्क शुल्झे याने डोंगरातल्या सायकलींवर फिल्म करताना हेल्मेटला व्हिडिओ कॅमेरा लावला. त्याची वायर पाठीवरच्या पिशवीत जायची आणि पिशवीत काय, तर चक्क व्हीसीआर! २००४ मध्ये निक वुडमनने पहिला गोप्रो विकायला काढला. लाटांवर स्वार होणाऱ्यांनी मनगटाला बांधायचा तो कॅमेरा फिल्मच्या रोलवर चालायचा. व्हिडिओ त्यात नव्हताच.

पुढे व्हिडिओ आला, पण चित्र गदगदत राहिलं. कारण सोपं होतं: डोळा होता, कान नव्हता. आणि मग माणसाने सिलिकॉनचा कान घडवला.

त्याची गोष्ट १८३५ मध्ये, पाणचक्क्यांच्या काळात सुरू होते. फ्रान्समधला गास्पार कोरिओलिस फिरणाऱ्या यंत्रांचं गणित मांडत होता. त्याला जे सापडलं ते तुम्हाला जत्रेत अनुभवता येईल. गोल फिरणाऱ्या चक्रावर उभे राहा आणि मधल्या खांबापासून कडेकडे सरळ चालायला लागा. कोणीतरी तुम्हाला बाजूला लोटतंय असं वाटेल. लोटणारं कोणीच नसतं. पायाखालची फळी फिरत असते आणि तुम्ही सरळ जायचा हट्ट करत असता. फिरत्या गोष्टीवरून सरळ जाऊ पाहणारा जो तो असा बाजूला सरकतो.

आता कॅमेऱ्यातल्या चिपमध्ये या. तिथे सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला असतो आणि सेकंदाला हजारो वेळा पुढे-मागे नाचत असतो. हेल्मेट वळलं की त्याच्याखालची चौकट फिरते आणि नाचणारा तुकडा किंचित बाजूला सरकतो. किंचित म्हणजे किती? अॅनालॉग डिव्हायसेस कंपनीच्या २००२ च्या सुमारास आलेल्या अशा एका चिपला १६ फेम्टोमीटर इतकं सरकणंही ओळखता येत होतं. अणूचा व्यास याच्या काही हजार पट असतो. सोन्याच्या अणूचं केंद्रक, म्हणजे अणूच्याही पोटातला गाभा, साधारण एवढाच असतो! अणूहून लहान अंतर मोजणारं यंत्र माणूस हेल्मेटला चिकटवतो आणि मिसळ खायला नारायणगावला थांबतो.

पण थांबा, खरा धक्का पुढे आहे. चक्रासारखीच आपली पृथ्वीही फिरते आहे. मग तिच्यावरून लांबवर जाणारा वाराही बाजूला सरकायला हवा. सरकतोच. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून निघालेला वारा विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे येतो तेव्हा कोरिओलिसच्या या परिणामामुळे उजवीकडे वळतो. वळून तो आपल्याकडे नैर्ऋत्येकडून येतो, अरबी समुद्राची वाफ उचलतो आणि सह्याद्रीवर आदळतो. तोच आपला मोसमी पाऊस. याच वाऱ्यांच्या भरवशावर दोन हजार वर्षांपूर्वी गलबतं समुद्र ओलांडून कोकणच्या बंदरांत लागत. माल नाणेघाट चढून जुन्नरला येई. घाटाच्या माथ्यावर सातवाहनांची लेणी आणि राणी नागनिकेचा शिलालेख आजही आहेत.

पावसाळ्यात त्याच नाणेघाटाच्या कड्यावर उभे राहा. कोकणातून चढून आलेला वारा धबधब्याचं पाणी उचलून परत वर फेकतो. हा उलटा धबधबा पाहायला जुन्नरहून चावंड-घाटघरच्या रस्त्याने किती गाड्या येतात! त्यातल्या एखाद्याच्या हेल्मेटवर कॅमेरा असतो. समोरचा वारा कोरिओलिसने वळवून आणलेला आणि त्याचं चित्र स्थिर ठेवणारी चिपही कोरिओलिसवरच चालणारी. एकाचा पसारा हजारो किलोमीटरचा, दुसरीचा अणूच्या गाभ्याएवढा. नियम मात्र एकच.

कान मिळाला. आता डोळे फिरवायचे कसे? कॅमेऱ्याचं भिंग तर जागेवर पक्कं बसवलेलं. इथे कॅमेरा एक चलाखी करतो. तो तुम्हाला दाखवतो त्यापेक्षा मोठं चित्र टिपतो. चारी बाजूंना पट्टी राखीव ठेवतो आणि मधला चौकोन तेवढा कापून देतो. हेल्मेट दणक्याने वर उडालं की कापायचा चौकोन तेवढाच खाली सरकतो. डोकं डावीकडे गेलं तर चौकोन उजवीकडे. चिप सेकंदाला शेकडो वेळा मोजते आणि प्रत्येक फ्रेमचा चौकोन वेगळ्या जागी, वेगळ्या कोनात कापला जातो. दणका मूळ चित्रात असतोच. तो कापून टाकलेल्या कडेत जातो. शिवाय काही कॅमेरे थोड्या फ्रेम रोखून धरतात आणि पुढे काय झालं ते बघून मगच मागची फ्रेम कापतात. म्हणजे खड्डा येणार हे चित्राला खड्ड्याच्या आधीच ठाऊक असतं! २०१८ मध्ये गोप्रोचा हिरो ७ ब्लॅक आला, तेव्हापासून ही करामत सामान्य बाइकवाल्याच्याही हाती आली.

वळणावर मात्र कॅमेऱ्याची खरी परीक्षा लागते. समजा, १५ मीटर त्रिज्येचं वळण तुम्ही ताशी ३० किलोमीटरने घेतलंत. गाडी सुमारे २५ अंश कलेल. तरी तुम्हाला एका बाजूला पडल्यासारखं वाटत नाही. उलट सीटवर थोडे जास्तच दाबले जाता. वजनकाट्यावर बसला असतात तर काट्याने वजन जवळजवळ १० टक्के जास्त दाखवलं असतं. गाडी कललेली असताना ‘खाली’ ही दिशाच गाडीबरोबर कलल्यासारखी भासते. खाली कुठे आहे एवढंच सांगणारा सेन्सर इथे साफ फसतो आणि म्हणतो, गाडी सरळ आहे! मग क्षितिज आडवं ठेवायचं कोणी? पुन्हा तोच नाचणारा तुकडा कामाला येतो. खाली कुठेही वाटो, गाडी किती अंश वळून कलली हे त्याने मोजलेलं असतं. कॅमेरा दोघांची साक्ष काढतो. सरळ रस्त्यावर पहिल्याचं ऐकतो, वळणावर दुसऱ्याचं.

इतकं सगळं असूनही हँडलला लावलेल्या काही कॅमेऱ्यांच्या चित्रात आरशाची दांडी नागमोडी का दिसते? कारण चित्र एका क्षणात टिपलं जातं हा आपला समज चुकीचा आहे. आजचे बहुतेक सेन्सर चित्र वरून खाली, एकेक ओळ करत वाचतात. सगळ्या ओळी वाचायला सेकंदाचा साठावा-शंभरावा भाग लागू शकतो. आणि इंजिन सेकंदाला ५० वेळा थरथरतंय! म्हणजे वरची ओळ वाचली तेव्हा दांडी इथे होती आणि खालची वाचेपर्यंत तिथे गेली. सरळ दांडी वाकडी उमटते. हा वाकडेपणा फ्रेमच्या आत घडतो, त्यामुळे चौकोन सरकवून तो पूर्ण जात नाही. त्याला उपाय म्हणजे थरथर कॅमेऱ्यापर्यंत पोचूच न देणं: मध्ये रबर किंवा मान. गंमत म्हणजे हे छोटे सेन्सर मुळात बाइकसाठी आलेच नव्हते. १९९० च्या दशकात नासाच्या प्रयोगशाळेत एरिक फॉसम यांनी अंतराळयानांचे कॅमेरे हलके करायला हे तंत्र घडवलं.

फोन मात्र हँडलला लावून चित्रीकरण करू नका. चांगल्या फोनचं भिंग आतल्या आत बारीक चुंबकांवर तरंगत असतं. हात थरथरला तर ते सावरून घेतं, पण मोठ्या इंजिनची थरथर त्याला सोसत नाही. बाइकच्या कंपनांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा अॅपलने स्वतः सप्टेंबर २०२१ मध्ये दिला. गोप्रोसारख्या बहुतेक अॅक्शन कॅमेऱ्यांत तरंगणारं भिंगच नसतं, म्हणून ते टिकतात.

आता एक हिशेब करू. फोर-के चित्रात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके. सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे जवळजवळ २५ कोटी ठिपके. प्रत्येकाचे तीन रंग जसेच्या तसे लिहायचे, तर सेकंदाला सुमारे ७५० मेगाबाइट! आळेफाटा ते माळशेज जाईपर्यंत कार्डांची पिशवी बरोबर ठेवावी लागली असती. प्रत्यक्षात कॅमेरा सेकंदाला जेमतेम १२ मेगाबाइट लिहितो. बाकीचं गेलं कुठे?

त्याची किल्ली आपल्या बंगळूरमध्ये जन्मलेल्या नासिर अहमद यांच्याकडे आहे. चित्राचा छोटा तुकडा घ्यायचा आणि ठिपक्यांऐवजी हलक्या-गडद लाटांच्या बेरजेत मांडायचा, ही त्यांची रीत. बहुतेक लाटा इतक्या दुबळ्या निघतात की टाकून दिल्या तरी डोळ्याला पत्ता लागत नाही. या संशोधनासाठी त्यांनी अमेरिकेत अनुदान मागितलं, तर कल्पना फारच साधी आहे म्हणून ते नाकारलं गेलं. १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी ती प्रसिद्ध केली. आज फोटो असो वा व्हिडिओ, बहुतेक चित्रं याच रीतीने आणि तिच्या भावंडांनी आवळली जातात.

दुसरी काटकसर त्याहून साधी. मागच्या फ्रेममधलं जे जसंच्या तसं आहे किंवा नुसतं सरकलंय ते पुन्हा लिहायचं नाही. डोंगर सरकला, एवढी नोंद पुरे. आणि इथेच माळशेज कॅमेऱ्याला घाम फोडतो! पावसाचा प्रत्येक थेंब नवा, धबधब्याचा प्रत्येक तुषार नवा. मागच्या फ्रेममधून उसनं काय घ्यायचं? म्हणून धो धो पावसातल्या चित्रात मधूनच चौकोनी ठिगळं दिसतात. कॅमेरा बिघडलेला नसतो. आभाळ त्याला उसंत देत नसतं.

एवढी बुद्धी जिच्यावर टांगलेली असते, ती काय चीज आहे? चिकटपट्टी! दोन्ही बाजूंनी चिकटणारी, अॅक्रिलिक फोमची. ही पट्टी अतिशय घट्ट पण वाहती असते. दाबून बसवली की ती सावकाश पसरत हेल्मेटच्या रंगातल्या न दिसणाऱ्या खाचाखोचांत शिरते. नेहमीच्या तापमानाला २० मिनिटांत निम्मी ताकद येते, २४ तासांत ९० टक्के आणि पूर्ण ताकदीला ७२ तास लागतात. ताशी ८० च्या वेगाला वारा त्या डबीला सुमारे १०० ग्रॅम वजनाइतका मागे ढकलत असतो, आणि हेल्मेटच्या टोकावर बसवली असेल तर तो ताण तुमची मान सोसते. म्हणून हनुवटीची जागा उत्तम. तिथे वारा कमी आणि दिसतंही डोळ्यांच्या जवळचं.

आता चार कामाच्या गोष्टी. हेल्मेटला भोक पाडून स्क्रू मारू नका. त्याचं कवच अखंड असेल तरच ते डोकं वाचवतं. कॅमेरा पडला तर मागच्याच्या चाकाखाली जाऊ नये म्हणून त्याला बारीक दोरी बांधा. केरळच्या मोटार वाहन विभागाने २०२२ मध्ये हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यांवर कारवाईची भूमिका घेतली होती, तेव्हा दुसऱ्या राज्यात जाताना तिथले नियम विचारून घ्या. बटण घाटात शिरण्याआधीच दाबा, घाटात हात हँडलवरच राहू द्या. दुसऱ्याचा व्हिडिओ बघून रस्ता चांगला असेल असा अंदाज बांधू नका. कापलेल्या कडांमध्ये काय गेलं ते आता तुम्हाला ठाऊक आहे. आणि जागा कोरड्या फडक्याने, मग स्पिरिटने पुसून, वाळल्यावरच पट्टी लावा. शनिवारी सकाळी निघायचं असेल तर कॅमेऱ्याचं माउंट बुधवारी सकाळीच चिकटवून ठेवा.